एकतीस नळ्या

नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा रविवार ठरला आणि गुरुवारीच द्वारकाने वाल भिजत घातले. शंभर पानं उठायची होती. मोड आले की साल काढायला घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. जवळच्या कोंडाण्याहून कामाला येणारी सोनुबाई हाताखाली होती म्हणून निभावणार होतं. कर्णिकांच्या या कर्जतच्या घरात लग्न होऊन आल्याला द्वारकाला चोवीस वर्षं झाली होती. सासूबाई जाऊन पंधरा. तेव्हापासून नानांचं आंघोळीचं पाणी, पथ्याचं जेवण, खोकल्याचा काढा, दुपारी पायाला तेल हे सगळं तिच्याकडे होतं. नवरा वासुदेव शाळेत गणित शिकवायचा, आणि घरी आला की वर्तमानपत्रात डोकं घालायचा.

शुक्रवारी दुपारी धाकटा दीर हेमचंद्र आणि त्याची बायको विमल मुंबईहून आली. मे महिन्याचं ऊन असं होतं की अंगणात पाय ठरत नव्हता. हेमचंद्रच्या हातात बॅगा होत्या आणि विमलने एक मोठी थर्माकोलची पेटी पोटाशी धरली होती. पेटी खाली ठेवून ती आधी नानांच्या पाया पडली.

“आलीस? मला वाटलं, तुझे उंदीर काही तुला सोडत नाहीत,” नाना म्हणाले.

“त्यांना सांगून आलेय, नाना. म्हटलं, दोन दिवस माणसं बघते.”

नाना मोठ्याने हसले. द्वारका पाण्याचे पेले घेऊन दारातच थांबली. एवढ्या मोठ्याने ते शेवटचे कधी हसले होते, हे तिला आठवेना.

विमल मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होती. माणूस म्हातारा होतो म्हणजे शरीरात नेमकं काय होतं, यावर तिचं काम चाललं होतं, एवढंच द्वारकाला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिला धड कणीकही मळता येत नव्हती. अजूनही येत नसावी. पण त्याबद्दल तिला या घरात कोणी कधी बोललं नाही.

“वहिनी, नानांनी तुम्हाला सांगितलं असेलच,” विमल म्हणाली. “रविवारी सत्तरीच्या वरची इतकी माणसं एका ठिकाणी येतायत. पूजेच्या आधी, उपाशीपोटी, मला त्यांचं थोडं थोडं रक्त घ्यायचंय.”

“मला नाही कोणी सांगितलं.”

“अरेच्चा! नाना, तुम्ही तर पत्रात लिहिलं होतं की सगळी तयारी आहे म्हणून.”

“पत्रात?” द्वारकाने विचारलं.

नाना चष्मा पुसायला लागले. “लिहितो अधूनमधून. तिचं उत्तर येतं. दोन वर्षं झाली असतील.”

दोन वर्षं. ती अंतर्देशीय पत्रं द्वारकाच टपालात टाकून यायची. वर हेमचंद्रचं नाव असायचं, म्हणून बापाने लेकाला लिहिलं असेल असं समजायची. तिने पेले ठेवले आणि ती आत गेली.

संध्याकाळी ओटीवर नाना झोपाळ्यावर बसले होते आणि विमल समोर खाली, गुडघ्यांना मिठी मारून. आतल्या उंबऱ्याशी द्वारका आणि सोनुबाई वाल सोलत होत्या. ओटीवरचं सगळं बोलणं आत ऐकू येत होतं.

“आपल्या शरीरातल्या एकेका पेशीत बारीक बारीक दाणे असतात, नाना, शेकड्यांनी. मायटोकॉन्ड्रिया. आपण खाल्लेलं शेवटी त्यांच्यापर्यंत पोचतं आणि तिथे त्याची शक्ती होते. हात हलवायला, श्वास घ्यायला, सगळ्याला लागणारी.”

“म्हणजे पॉवर हाउस.”

“अगदी तेच. आणि आत एका टप्प्याकडून पुढच्या टप्प्याकडे भार नेऊन देणारा एक पदार्थ असतो. कोएन्झाइम क्यू. हमालासारखा. इकडून उचलायचं, तिकडे द्यायचं, परत यायचं.”

“आणि म्हातारपणी हमाल कमी पडतात?”

“तेच तर शोधतेय. उंदरांत कमी झालेले दिसले. माणसांतही कमी होतात, की हमाल तेवढेच राहतात आणि दाणेच बिघडतात, ते कोणाला ठाऊक नाही. बिघाड कळला तर पुढे कधीतरी त्यावर काही करता येईल. कदाचित.”

नाना भिवपुरीच्या वीजकेंद्रात तेहेतीस वर्षं नोकरीला होते. ते झोपाळा थांबवून पुढे झुकले. “अठ्ठेचाळीस साली आमच्याकडे असंच झालं होतं. डोंगरावरून पाणी तेवढंच येत होतं, पण वीज कमी.” आणि त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. द्वारकाने ती शंभर वेळा ऐकली होती. पायाला तेल चोळता चोळता ती ‘हो का’ म्हणायची आणि मनात रात्रीच्या भाजीचं बघायची. विमलने मात्र मध्येच थांबवलं.

“मग दोष कुठे आहे ते शोधलंत कसं? एकेक भाग बंद करून?”

असं नानांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते तासभर सांगत राहिले. दिवेलागण झाली, तरी आज त्यांना देवाला नमस्कार करायचं भान राहिलं नाही.

“वैनी, सालीसकट टाकताय तुमी,” सोनुबाई हळूच म्हणाली. द्वारकाच्या पुढ्यातल्या पातेल्यात सोललेले आणि न सोललेले वाल एकत्र झाले होते.

शनिवारी दुपारी कल्याणहून बर्फाच्या दोन लाद्या आल्या, भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. एक नातवंडांना कबूल केलेल्या आंब्याच्या आइस्क्रीमच्या पॉटसाठी. दुसरी विमलची. ती तिने न्हाणीघरातल्या गारव्याला कोपऱ्यात ठेवली आणि द्वारकाला बोलावून नेऊन दाखवली.

“वहिनी, सकाळी रक्त घेतलं की नळ्या पेटीत ठेवीन. पण या उन्हात पेटीतला बर्फ अकराच्या पुढे टिकणार नाही. तेव्हा ही लादी फोडून भरायची. मी पूजेत अडकले तर तुम्ही एवढं कराल? दीडच्या गाडीने मी निघते, संध्याकाळी नळ्या लॅबमध्ये पोचायला हव्यात.”

“नाही भरला तर?”

“तासाभरात सगळं कोमट होईल. आतले दाणे बिघडतील. मग ते रक्त असून नसून सारखंच.”

“बरं,” द्वारका म्हणाली.

रविवारी सकाळी सातलाच म्हातारे जमायला लागले. वीजकेंद्रातले नानांचे जुने सोबती, खालापूरची मामेबहीण, बाजारातले दोघं-तिघं, आणि कोंडाण्याची सातजणं टेंपोतून. नानांनी पहिला हात पुढे केला. पण त्यांच्यामागे कोणी उठेना. सुई बघून सगळे खुर्च्यांना चिकटून बसले. विमलने दोनदा समजावलं, पेशी म्हणाली, संशोधन म्हणाली, आणि ऐकणारे अधिकच आक्रसले.

“वहिनी,” ती शेवटी आत येऊन म्हणाली, “माझं कोणी ऐकत नाही हो.”

द्वारका पदराला हात पुसत बाहेर आली. कोणाला गुडघेदुखी, कोणाची सून नांदत नाही, कोणाचा लेक रसायनीच्या कारखान्यात लागला, सगळं तिला तोंडपाठ होतं. ती एकेकाच्या शेजारी जाऊन बसली. कोंडाण्याची गौराबाई, सोनुबाईची सासू, सगळ्यांत थोरली. तिलाच तिच्या वयाचा पत्ता नव्हता.

“माजं रगत काडून काय करनार गं ही?”

“म्हातारपण कशाने येतं ते बघणार आहे, गौराबाय.”

“मला इचारलं आसतं तरी सांगितलं आसतं.” सगळे हसले. गौराबाईने काटकीसारखा हात उघडा केला. “तू म्हनतेस म्हनून देते. हिला मी वळखत नाय.”

मग रांग लागली. नऊ वाजेपर्यंत एकतीस नळ्या भरल्या. विमलने प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली, बर्फात उभ्या केल्या आणि झाकण लावलं. द्वारकाचे तिने आभार मानले, मनापासून मानले. पण द्वारकाला फोडणीची घाई होती.

पूजा आटोपली. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं होतं. द्वारकाने आदल्या दिवशी बसून त्या वाती वळल्या होत्या. ताट हातात घेऊन ती नानांसमोर उभी राहिली. कपाळावरून घाम ओघळत होता. गुरुजी म्हणाले, “नाना, दोन शब्द बोला.”

नाना बोलायला लागले. वीजकेंद्राबद्दल, गेलेल्या बायकोबद्दल, दोन लेकांबद्दल. मग म्हणाले, “ऐंशी वर्षं जगलो, त्याचं काही चीज झालं का, असं मनात यायचं. आज सकाळी या विमलने माझं रक्त घेतलं, तेव्हा वाटलं, झालं. या घरात मला समजून घेणारं माणूस उशिरा आलं, पण आलं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमलने संकोचून खाली बघितलं. द्वारकाच्या हातातलं ताट जड झालं होतं. तिने ओवाळलं, ताट पाटावर ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. चुलीवर बिरडं रटरटत होतं. ते ढवळायचं सोडून ती नुसती उभी राहिली. पंधरा वर्षं. समजून घेणारं माणूस उशिरा आलं.

“वैनी,” मागच्या दारातून सोनुबाईने हाक मारली. पॉट फिरवून फिरवून तिचे दंड भरून आले होते. “बर्फ सरला. आइस्क्रीम अजून पातलच हाय. न्हानीतला तो दुसरा फोडू काय?”

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

“फोड,” द्वारका म्हणाली.

“तो धाकल्या वैनींचा नाय ना?”

“फोड म्हटलं ना तुला.”

दगडाने बर्फ फोडल्याचा आवाज आला. मग त्यावर मीठ पडल्याचा. मग पॉटची दांडी पुन्हा फिरायला लागली. द्वारका पळी घेऊन बिरडं ढवळू लागली.

आइस्क्रीम फार छान झालं. नानांनी दोन वाट्या मागून घेतल्या.

एक वाजता विमल कपडे बदलून पेटी घ्यायला आली. झाकण उघडलं, बोट आत घातलं. मग न्हाणीघरात गेली. तिथे ओलं गोणपाट पडलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“वहिनी, लादी कुठे गेली?”

वाढणारी माणसं, चुलत नणंदा, पोरंबाळं सगळी तिथेच होती. द्वारकाने मान वर केली नाही. “गडबडीत सोनुने फोडली असेल. तिला काय कळतंय.”

वासुदेव पंगतीतून उठून आला. कधी नाही ते त्याला मोठा भाऊ असल्याचं आठवलं. “सोनुबाई! अक्कल आहे का तुला? कोणाला विचारून हात लावलास? एवढी शिकलेली बाई सहा महिने खपून काही करतेय आणि तू मातीत घातलंस!”

सोनुबाई पॉट धूत होती. तिने ओले हात तसेच ठेवून द्वारकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. द्वारकाने पुरणपोळीवर तूप वाढलं. सोनुबाईने पॉट पालथा घातला, पदर खोचला आणि न जेवता मागच्या दाराने निघून गेली. तिच्यामागोमाग गौराबाईही पानावरून उठली. तिची पोळी अर्धी राहिली होती.

हेमचंद्र बायकोला म्हणाला, “तरी घेऊन जाऊ या ना. आकडे तर येतील.”

“येतील. पण खोटे येतील,” विमल म्हणाली.

“कोणाला कळणार आहे?”

“मला.” तिने एकेक नळी उचलून बघितली आणि परत ठेवली. ती रडली नाही. ती रडली असती तर द्वारकाला बरं वाटलं असतं. ती फक्त हेमचंद्रला म्हणाली, “उद्या पहाटे कल्याणहून बर्फ आण. जेवढे जण पुन्हा देतील तेवढ्यांचं घेऊ. कोंडाण्यापासून सुरुवात करू. गौराबाईंएवढं वय माझ्याकडे दुसऱ्या कोणाचं नाही.” मग द्वारकाकडे वळली. “तुम्ही याल माझ्याबरोबर? मला ते लोक ओळखत नाहीत.”

सोमवारी सोनुबाई कामावर आली नाही. सकाळी सातला बर्फ भरलेली पेटी घेऊन दोघी जावा टेंपोत बसल्या. उतरल्यावर गावापर्यंतचा चढ होता. पेटी आळीपाळीने धरायची असं न बोलता ठरलं.

गौराबाई ओट्यावर बसली होती. तिने या म्हटलं नाही. द्वारका चपला काढून खाली बसली.

“गौराबाय, काल जरा गोंधळ झाला. पुन्हा एकदा रक्त द्यावं लागेल.”

“मी नाय देनार.”

“अगं, हिचं मोठं काम आहे—”

“काल तू सांगितलंस, दिलं. ते वतून टाकलंत. वर माज्या सुनेला शंभर मानसांत बोललात. एकवीस वर्सं तुमच्या घरी राबते ती. कंदी न इचारता वाटी उचलली काय तिनं? सांग.”

“नाही.”

“मग बर्फ कसा उचलील?”

आतल्या अंधारात सोनुबाई उभी होती. द्वारकाला तिच्या फक्त बांगड्या दिसत होत्या. विमल पेटी मांडीवर घेऊन बसली होती, तिचे डोळे द्वारकावर होते. आता काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मी ऐकलं नाही, मी कामात होते. द्वारकाच्या तोंडात ते वाक्य तयारही झालं होतं.

“सोनुने विचारलं होतं,” ती म्हणाली. “मी फोड म्हटलं. तो विमलचा आहे हे मला माहीत होतं.”

आतून सोनुबाई म्हणाली, “दोनदा इचारलं मी.”

“हो. दोनदा.”

गौराबाई भिंतीला धरून उठली आणि शेजारच्या घरांकडे तोंड करून ओरडली, “ए चिंधे! ए लडकू! या गं समदी हिकडं!” सात-आठ बायका, दोन म्हातारे जमले. “आता परत बोल,” ती द्वारकाला म्हणाली. “मानसांत बोललात, मानसांतच सांग.”

शाळेतल्या कर्णिक मास्तरांची बायको, गावात जिला नमस्कार केल्याशिवाय कोणी पुढे जात नसे, ती तिथे उन्हात उभी राहिली आणि तिने पुन्हा सगळं सांगितलं. एक वाक्य मध्येच अडलं, ते तिने पहिल्यापासून म्हटलं. मग ती सोनुबाईकडे वळली. “माझं चुकलं, सोनु.”

सोनुबाईने आतून तांब्या आणला आणि आधी विमलला पाणी दिलं, मग द्वारकाला. “परवा येते कामाला,” ती म्हणाली. “उद्या नाय.”

गौराबाईने हात पुढे केला. “घे बाय. पन पयलं हिचं घे. आमचं म्हातारं रगत काडता, हिचं बी काड.”

“तरुण माणसांचंही लागतंच मला, तुलनेला,” विमल म्हणाली. तिने द्वारकाच्या दंडाला रबरी नळी बांधली. पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. काल तिने एकतीस जणांच्या शिरा पहिल्या झटक्यात शोधल्या होत्या. द्वारकाने हात हलवला नाही. तिसऱ्यांदा नळीत रक्त चढलं.

“वय?” विमलने चिठ्ठीवर लिहिता लिहिता विचारलं.

“सेहेचाळीस.”

कोंडाण्यात सातच्या सात जणांनी रक्त दिलं. उतारावर पेटी द्वारकाच्या हातात होती. निम्म्या वाटेवर विमल थांबली.

“का केलंत, वहिनी?”

“त्यांनी तुला दोन वर्षं पत्रं लिहिली.”

“मग?”

“मला कधी एक नाही लिहिलं.”

“अहो, तुम्ही एकाच घरात राहता! तुम्हाला पत्र कसं लिहितील?”

“ते मला माहीत नाही. पण लिहिलं नाही.”

विमल तिच्याकडे बघत राहिली. ती हसेल असं द्वारकाला वाटलं, पण ती हसली नाही. “मी येते तेव्हा त्यांना दर दहा मिनिटांनी तुम्ही आठवता,” ती म्हणाली. “द्वारकाला विचार, द्वारकाला माहीत असेल. मला औषधाची बाटलीसुद्धा हातात देऊ देत नाहीत. मला त्याचा राग येतो. पण मी तुमची बाटली फोडली नाही.”

द्वारकाने पेटी पोटाशी नीट धरली. दोघी चालू लागल्या.

घरी आल्यावर हेमचंद्र बॅगा घेऊन तयारच होता. द्वारका पेटी ओटीवर ठेवून सरळ नानांसमोर गेली. कोंडाण्यात जे सांगितलं तेच तिने तिसऱ्यांदा सांगितलं. वासुदेवने वर्तमानपत्र खाली घेतलं. ज्या सोनुबाईवर तो ओरडला होता, तिची आठवण होऊन त्याचे कान लाल झाले.

नाना झोपाळ्याच्या कडीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, “आणि ते आइस्क्रीम मी दोन वाट्या खाल्लं.”

“हो.”

“आज पायाला तेल नको,” ते म्हणाले आणि उठून आत गेले. पंधरा वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

द्वारका विमलबरोबर फाटकापर्यंत गेली. स्टेशनवर जायला टांगा उभा होता. हेमचंद्र पुढे चढला, पेटी त्याने पायांत घेतली.

“मी अजून माफ केलेलं नाही तुम्हाला,” विमल म्हणाली.

“करू नकोस.”

“पुढच्या रविवारी परत येतेय. खालापूरची मामेबहीण, भिवपुरीचे लोक राहिलेत. ते माझ्यासाठी हात पुढे करायचे नाहीत. तुम्हाला यावं लागेल.”

“येईन. सगळ्यांना आधी जाऊन सांगून ठेवते. उपाशीपोटी राहायचं, तेही सांगते.” द्वारकाने फाटकाची कडी सरकवली. “बर्फाचं मी बघते.”

विमल टांग्यात चढली, पदर सावरून बसली.

“नको,” ती म्हणाली. “बर्फ मी मुंबईहून घेऊन येईन.”

“बरं,” द्वारका म्हणाली, आणि टांगा वळेपर्यंत फाटक धरून उभी राहिली.